वाचणाऱ्याचं नाव

"फोन," इरावती मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी टेबलावर स्टीलचा एक डबा ठेवला. डबा घरून आणलेला होता. झाकणावर 'चिवडा' अशी चिठ्ठी अजून चिकटलेली होती.

मी माझा फोन डब्यात टाकला. केळुसकर काकांनी आपला कोपरा फुटलेला फोन आधी बंद केला, शर्टाच्या बाहीने पुसला आणि मग अलगद आत ठेवला. मॅडम डबा घेऊन गेल्या, स्वतःच्या कपाटात ठेवून परत आल्या आणि मिटिंगच्या खोलीचं दार त्यांनी आतून लावून घेतलं.

"बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत आपण तिघंच," त्या म्हणाल्या. "फोन रोज घरी जाताना मिळेल. पण या खोलीतलं अक्षर बाहेर जाता कामा नये. घरीसुद्धा नाही. अश्लेषा, कळलं ना?"

"हो मॅडम," मी म्हटलं. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते आणि कुणी काही विचारलं की 'हो' म्हणायची मला फार सवय होती.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमची छोटी कंपनी होती. शहरांच्या पाणीपुरवठ्याचे पंप आणि झडपा चालवणाऱ्या पेट्या आम्ही बनवायचो. प्रत्येक पेटीत एक छोटा संगणक असायचा आणि त्याच्या पोटात ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल. बाकीच्या सगळ्या प्रोग्रॅमना कामं वाटून देणारा आणि कुणी दुसऱ्याच्या ताटात हात घालत नाही ना हे बघणारा. कर्नल फुकट मिळणारा, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला होता. आम्ही त्यात आमच्या पेटीपुरते बदल करायचो. त्या एकेका बदलाला पॅच म्हणतात, आणि ते पॅच आम्हाला नियमाप्रमाणे सगळ्या जगाला बघायला खुले ठेवावे लागत.

तसा आमचा एक पॅच बघून कुठल्याशा विद्यापीठातल्या एका संशोधक बाईंनी रविवारी मेल पाठवली होती. भाषा अगदी गोड होती. तुमच्या कर्नलमध्ये एक भोक आहे, ज्याला पेटीतले आकडे नुसते बघायची परवानगी आहे, असा कुणीही त्यातून सबंध पेटीचा मालक होऊ शकतो. बुधवारी संध्याकाळी मी हे जाहीर करणार, तोवर बुजवून घ्या. या धंद्यातली ही रीतच आहे. आमच्या पेट्या तीन शहरांत बसलेल्या होत्या. मेल वाचून मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं, आणि रविवारी रात्री त्यांनी आम्हा दोघांना निरोप धाडले.

आम्हा दोघांनाच का, ते समोरच्या पडद्यावर लिहिलेलं होतं. प्रत्येक पॅचच्या खाली दोन नावं असतात. लिहिणाऱ्याचं आणि तपासून वाचणाऱ्याचं. या पॅचखाली लिहिणारी म्हणून मी होते, अश्लेषा बोडके. वाचणारा, दिगंबर केळुसकर.

"मला पाणीपुरवठ्याच्या साहेबांना सांगता येईल असं सांगा," मॅडम म्हणाल्या. त्या विक्रीतून वर आलेल्या, कोडच्या वाटेला जात नसत.

केळुसकर काका उठून फळ्याजवळ गेले. छप्पन्न वर्षांचे, वेंगुर्ल्याचे, तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेले. आमच्यासारख्या पदवीवाल्यांची हजेरी घेणारे.

"समजा मॅडम, वर्गात एकच फळा आहे आणि एकच खडू. नियम असा, की ज्याच्या हातात खडू त्यानेच फळ्याला हात लावायचा. लिहून झालं की खडू खाली ठेवायचा, मग दुसऱ्याने उचलायचा. या खडूला आम्ही लॉक म्हणतो. पेटीत एका वेळी शंभर कामं चालू असतात, खडू नसेल तर नुसता गोंधळ."

"बरं."

"इथे काय झालंय," त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, "लिहिणं संपायच्या दोन ओळी आधीच खडू खाली ठेवलाय. तेवढ्यात दुसऱ्याने तो उचलला, फळा पुसला आणि स्वतःचं काहीतरी लिहिलं. पहिल्याला पत्ताच नाही. तो आपला जुन्या जागी लिहीतच सुटलाय. आता फळ्याच्या त्या जागी जर 'या घराचा मालक कोण' हे लिहिलेलं असेल, तर?"

मॅडमनी कपाळावर हात मारला. "आणि दोन ओळी आधी का ठेवला?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"चाचणीत पेटी हळू चालत होती," मी म्हटलं. "खडू... लॉक लवकर सोडलं की वेग वाढत होता. मला वाटलं, शेवटच्या दोन ओळींना त्याची गरज नाही."

मला वाटलं आता माझी चंपी होणार. पण मॅडमनी चक्क माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे बघ, चूक सगळ्यांच्या हातून होते. तू लहान आहेस. म्हणून तर वर वाचणारा ठेवलेला असतो." मग त्या वळल्या. "केळुसकर, हे तुमच्या नजरेतून कसं सुटलं?"

काका पडद्यावरच्या स्वतःच्या नावाकडे बघत उभे होते.

"तेच बघतोय," ते म्हणाले.

इथे मला काकांची वाचायची पद्धत सांगितली पाहिजे. आमच्याकडे बाकीचे लोक एकमेकांना नावं वाटत फिरायचे. 'तू माझा पॅच वाचलास म्हण, मी तुझा वाचला म्हणते', असा सरळ मामला. जेवणाच्या सुट्टीत तोंडी 'टाक माझं नाव' म्हटलं की झालं. नाव ज्याचं त्यानेच टाइप केलं पाहिजे असंही नव्हतं, पॅच लिहिणाराच ते खाली टाइप करून टाकायचा. काकांकडे ही उधारी चालत नसे. ते पॅच कागदावर छापून घेत, लाल पेन घेऊन ओळ न् ओळ वाचत आणि प्रत्येक बाहेर पडायच्या वाटेवर थांबून मोठ्यांदा विचारत, "इथून निघताना खडू ठेवला का?" वाचून झाला की पॅचचा क्रमांक दोनशे पानी वहीत लिहीत आणि मगच 'घाल माझं नाव' म्हणत. म्हणूनच कंपनीने नियम केला होता, की लॉकला हात लावणारा कुठलाही पॅच काकांच्या नावाशिवाय बाहेर जाणार नाही. यंत्रणाच तो स्वीकारत नसे.

आणि माझ्या पॅचखाली त्यांचं नाव होतं, कारण ते मी टाइप केलं होतं.

सात महिन्यांपूर्वी काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस रजेवर होते. माल शुक्रवारी जायचा होता. मी त्यांना घरी फोन केला. ते म्हणाले, डोळ्यावर पट्टी आहे, सोमवारी आलो की पहिलं तेच. मी म्हटलं, बरं काका, काळजी घ्या. फोन ठेवला आणि त्यांचं नाव घातलं. सोमवारी वाचणारच आहेत, मग तीन दिवस आधी घातलं तर काय बिघडलं, असा माझा हिशेब. सोमवारी त्यांना दुसऱ्याच कामाला जुंपलं. मी आठवण केली नाही. नंतर तर मी ते विसरूनही गेले, म्हणजे विसरल्याचं सोंग इतकं छान वठवलं की मलाच खरं वाटू लागलं.

आता, मेल आल्यानंतरच्या सोमवारी, त्या बंद खोलीत बसून मी मनात हिशेब मांडत होते. लॉकची चूक माफ होती, हे मॅडमनी सांगूनच टाकलं होतं. नावाची नव्हती. आदल्याच वर्षी एका मुलाने दुसऱ्याच्या नावाने चाचणीचा अहवाल भरला, तर मॅडमनी त्याला दुपारच्या चहाआधी घरी पाठवलं होतं. आणि नाशिकसारख्या गावात हे काम करणारे शंभर लोक, सगळे एकमेकांना ओळखणारे. तोंड उघडलं तर मी या धंद्यातून उठले, हे मला स्पष्ट दिसत होतं.

खोलीला एकच खिडकी होती. बाहेर शेजारच्या कारखान्याची पत्र्याची भिंत, आणि आत त्यांचं प्रेस मशीन दर चार सेकंदांनी धप्प करायचं. दिवसभर आम्ही तिघं त्या धप्प धप्पमध्ये बसलो. मी नवा पॅच लिहायला घेतला. मॅडम पाणीवाल्यांसाठी अहवाल लिहीत होत्या. काकांनी आपली वही काढली आणि ते मागची पानं उलटू लागले.

"मॅडम, वहीत हा क्रमांक नाहीये," थोड्या वेळाने ते म्हणाले.

माझे हात कीबोर्डवर थांबले. मनात म्हटलं, सुटले. वहीच बोलेल, मला बोलावं लागणार नाही.

"मग?" मॅडमनी विचारलं. "तारीख तर तुमच्या रजेतली आहे. घरून वाचला असेल तुम्ही."

"डोळ्यावर पट्टी होती."

"मग नाव कसं आलं? आपोआप आलं?"

काकांनी वहीची आणखी चार पानं उलटली. पुन्हा पहिल्यापासून बघितली. मग वही मिटून म्हणाले, "नाव आहे म्हणजे मी दिलंच असणार. लिहायचं राहिलं असेल."

कुणीतरी खोटं नाव घालेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. वीस वर्षं त्या कंपनीत घालवूनही आलं नाही. मला त्या क्षणी त्यांचा रागच आला. माणसाने इतकं सरळ असू नये, दुसऱ्याची पंचाईत होते.

दुसऱ्या दिवशी काका डबा उघडून बसले. त्यांच्या बायकोने, शालनकाकूंनी, दिलेलं बांगड्याचं सुकं होतं. मॅडम त्या दिवशी पाणीवाल्यांच्या फोनसाठी स्वतःच्या खोलीत गेल्या होत्या. दार बाहेरून ओढून घेतलेलं. आम्ही दोघंच.

"अश्लेषा, आज तारीख किती?"

"चौदा."

"बरोबर. मीही चौदाच धरली होती." ते थोडं हसले. मग घास हातात तसाच ठेवून बोलू लागले. "माझी आई अठ्ठावन्नाव्या वर्षी विसरायला लागली. आधी बारीकसारीक. दूध दोनदा तापवायची. कुणाला काय कबूल केलं ते आठवायचं नाही. आम्ही चेष्टा करायचो. शेवटी शेवटी मला मास्तर म्हणायची. घरी कुणी मास्तर आलेत आणि त्यांना चहा दिला नाही, म्हणून रडायची."

मी पडद्याकडे बघू लागले.

"काल घरी गेल्यावर मी बायकोला म्हटलं, मला गावच्या रस्त्यावरची सगळी गावं विचार. कणकवली, कुडाळ, सावंतवाडी. सगळी सांगितली. ती म्हणाली, तुम्हाला काय झालंय? मी म्हटलं, काही नाही." त्यांनी वही जवळ ओढली. "वीस वर्षांत मी न वाचता कधी नाव दिलं नाही. एकदाही नाही. आणि हे दिलंय आणि आठवतही नाही. म्हणून तुला विचारतो, खरं सांग. त्या आठवड्यात तू मला फोन केला होतास. मी फोनवर तुला 'घाल माझं नाव' म्हटलं होतं का?"

मशीन धप्प करत होतं. मी ते मोजत होते, हे मला आजही आठवतं. तीन झाले, चार झाले.

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. रागाने नाही. डॉक्टरकडे बघावं तसे, जीव टांगणीला लावून. 'नाही' हा एवढासा शब्द. त्या शब्दाने त्यांची सुटका होती आणि माझा कडेलोट. बाहेर मॅडमच्या चपलांचा आवाज आला असं मला वाटलं. आला नव्हता.

"हो," मी म्हटलं. "म्हणाला होतात काका."

"असं." त्यांनी मान हलवली. "बरं झालं विचारलं."

त्यांनी डबा तसाच बंद केला. बांगडा निम्मा राहिला होता. मग त्यांनी वहीच्या मागच्या पानावर काहीतरी लिहिलं. संध्याकाळी ते हात धुवायला गेले तेव्हा मी ते चोरून वाचलं. 'शुक्रवारी डॉक्टर. शालनला आत्ता नको.'

त्या रात्री मी जेवले नाही. आईने विचारलं तर म्हटलं, ऑफिसात खाल्लं. मला स्वतःची किळस येत होती, आणि तरी मनातल्या मनात मी हेही म्हणत होते, की डॉक्टर त्यांना तपासून काही झालं नाही म्हणतीलच, मग सगळं मिटेल. माणूस अडकला की काय काय बहाणे शोधतो.

बुधवारी दुपारी दोनला माझा पॅच तयार झाला. मी कागदावर छापून काकांपुढे ठेवला. लाल पेन त्यांच्या समोर होतं, ते त्यांनी उचलायलाच वेळ लावला. वाचायला लागले तेव्हा बोट ओळीखाली धरून, हळू हळू. दुसऱ्या पानावर थांबले.

"अश्लेषा, मला इथे काहीतरी दिसतंय. पण तूच बघ हां, माझा काही भरवसा नाही."

"कुठे काका?"

"ही बघ मधली वाट. जागा मिळाली नाही तर माणूस इथूनच परत फिरतोय. इथून निघताना खडू ठेवला का?"

मी बघितलं. नव्हता ठेवला. आधी मी खडू लवकर ठेवला होता, आता घाबरून खिशात घेऊनच निघाले होते. हा पॅच तसा गेला असता, तर भोक बुजलं असतं आणि दोन दिवसांत पेट्या जागच्या जागी थिजल्या असत्या. तीन शहरांचे नळ.

"बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं. "अगदी बरोबर आहे."

"नक्की? नीट बघ."

"नक्की काका."

त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. पूर्वी अशी चूक सापडली की ते खुशीत येऊन दोघातिघांना बोलावून दाखवायचे. आता त्यांनी नुसतं पेनाला टोपण लावलं.

मी ती ओळ दुरुस्त केली, चाचण्या पुन्हा लावल्या. सव्वातीनला सगळ्या हिरव्या झाल्या, म्हणजे पास. मॅडम येऊन मागे उभ्या राहिल्या.

"चला, सुटलो. केळुसकर, तुमचं नाव घाला आणि पाठवा."

"नाही मॅडम."

"म्हणजे?"

"माझं नाव आता कशालाच लावायचं नाही." त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. "हा राजीनामा. पुढच्या महिन्यापासून. कारण तब्येतीचं लिहिलंय. जो माणूस न वाचता नाव देतो आणि विसरतो, त्याच्या नावावर तीन शहरांचं पाणी ठेवू नये."

मॅडमचा चेहरा पडला. पण घड्याळात साडेतीन होत आले होते. "राजीनाम्याचं मी उद्या बघते. आत्ता हे पाठवायचंय. तुमच्या नावाशिवाय यंत्रणा पॅच घेत नाही. तुम्ही वाचलाय ना? आत्ता माझ्यासमोर वाचलात."

"वाचला. पण मी वाचलेलं धरू नका."

"अहो केळुसकर, पाच वाजता ती बाई सगळ्या जगाला सांगणार आहे!"

काकांनी पेन बाजूला सारलं. हात मांडीवर, नजर त्या पत्र्याच्या भिंतीकडे.

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "अश्लेषा, तूच टाइप कर त्यांचं नाव."

"मी?"

"समोर बसलेत ते. वाचलंय त्यांनी. नंतर मी बघते काय ते. घाल नाव, वेळ नाहीये."

मी कीबोर्डवर हात ठेवले. सात महिन्यांपूर्वी हेच करायला मला चार सेकंद लागले होते, मला ती अक्षरं तोंडपाठ होती. मी पहिलं अक्षर दाबलं. काका बघत होते. त्यांनी अडवलं नाही. नाव आता त्यांचं राहिलंच नव्हतं, कुणीही घ्यावं आणि लावावं, अशा चेहऱ्याने ते बसले होते. आणि मला ते बघवेना. खरंच सांगते, त्यात धाडस वगैरे काही नव्हतं. माझ्याच्याने दुसरं अक्षर दाबवेना, एवढंच.

"मॅडम, मागचं नावही मीच टाइप केलं होतं," मी म्हटलं.

"ते सगळेच करतात. पटकन."

"नाही मॅडम. यांना न विचारता. म्हणजे विचारलं होतं, पण यांनी 'सोमवारी बघतो' म्हटलं होतं. यांनी तो पॅच कधी वाचलाच नाही. यांनी नाव दिलंच नव्हतं."

मॅडमनी तोंड उघडलं, पण काकांनी हात वर केला.

"थांबा मॅडम." ते माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. "मी फोनवर नेमकं काय म्हणालो होतो?"

"डोळ्यावर पट्टी आहे, सोमवारी आलो की पहिलं तेच."

"आणि तू म्हणालीस, बरं काका, काळजी घ्या."

"हो."

"मला हेच आठवत होतं," काका म्हणाले. "काल मला अगदी हेच आठवत होतं. शब्द न् शब्द. पण तू 'हो' म्हणालीस. मग मी म्हटलं, माझंच आठवणं चुकीचं."

मी रडायला लागले. त्यांनी माझ्याकडे लक्षही दिलं नाही. ते उठले, मॅडमना म्हणाले, "माझा फोन द्या." आणि मॅडम, नियम करणाऱ्या मॅडम, धावत जाऊन चिवड्याचा डबा घेऊन आल्या.

"शालन, आयक," काका खिडकीकडे तोंड करून बोलत होते. "माका काय्येक झालेला नाय. ... नाय गो, डोक्याक काय झालेला नाय. ... मगे सांगतंय सगळा. ... अगो रडतंय खंय, सर्दी झाली हा." मग ते बराच वेळ नुसता फोन कानाला लावून उभे राहिले. पलीकडून काकू बोलत असाव्यात. त्यांची पाठ हलत होती.

माझी नोकरी गेली, हे सांगून टाकते. मॅडमनी तिथेच सांगितलं, काम संपव आणि उद्यापासून येऊ नकोस. पुढची नोकरी मिळायला मला दहा महिने लागले, आणि त्या गोष्टीला आता तेरा वर्षं होऊन गेली. काकांनी राजीनामा फाडला आणि साठीपर्यंत ते तिथेच होते. मॅडमना जुन्या पॅचखालून काकांचं नाव काढून टाकायचं होतं. ते निघत नाही. एकदा बाहेर गेलेल्या पॅचचा इतिहास बदलता येत नाही, तो जगभर जसाच्या तसा राहतो. बदलायचं असेल तर पुढच्या पॅचबरोबर लिहायचं, एवढाच उपाय.

म्हणून त्या बुधवारी चार वाजता काकांनी मला पुन्हा त्या खुर्चीवर बसवलं. "पॅचबरोबर माहिती लिहितात ना, ती लिही. काय चुकलं होतं आणि का."

मी इंग्रजीत लिहिलं, तसंच लिहितात. लॉक दोन ओळी आधी सोडलं होतं, त्याने काय भोक पडलं होतं, ते आता कसं बुजवलं. आणि शेवटी लिहिलं, की आधीच्या पॅचवर वाचणारा म्हणून दिगंबर केळुसकर यांचं जे नाव आहे, ते मी त्यांच्या परवानगीशिवाय घातलं होतं. त्यांनी तो पॅच वाचलेला नाही. हे टाइप करताना मला वाटलं, आता सगळं झालं, याहून खाली जायला जागा नाही.

काकांनी ते छापून घेतलं. लाल पेनाचं टोपण काढलं आणि बोट ओळीखाली न धरता, त्यांच्या पूर्वीच्या वेगाने सरसर वाचलं. कोड वाचला, माहिती वाचली. शेवटच्या ओळीखाली त्यांनी एक छोटी खूण केली.

"एक गोष्ट राहिलीय," ते म्हणाले.

"काय काका?"

"नाव घातलंस ते लिहिलंस. काल मी विचारलं, तेव्हा काय म्हणालीस ते लिहिलेलं नाही."

मॅडम म्हणाल्या, "केळुसकर, अहो त्याची कशाला गरज आहे? लॉकशी त्याचा काय संबंध?"

"नाव घातलं तेव्हा हिला घाई होती, मी समजू शकतो," काका म्हणाले. ते मॅडमशी बोलत होते, बघत माझ्याकडे होते. "काल घाई नव्हती. काल आम्ही दोघंच होतो आणि मी हिला आईचं सांगितलं होतं. तेवढं राहिलं तर हे पुरं झालं असं मी म्हणणार नाही, आणि अपुऱ्याखाली माझं नाव जाणार नाही."

साडेचार वाजले होते. मशीन धप्प करत होतं. मी लिहिलं: विचारल्यावर मी त्यांना खोटं सांगितलं, आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

ती ओळ आजही तिथे आहे. त्यानंतर मी जिथे जिथे मुलाखतीला गेले, तिथे समोरच्यांनी ती आधीच वाचलेली होती.

काकांनी नवा कागद मागितला. पुन्हा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळं वाचलं. वहीत क्रमांक लिहिला. मग मला खुर्चीवरून उठायला सांगितलं, स्वतः बसले आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, आपलं नाव घातलं.